द्वाड कुत्रा आणि घराचें कर्तव्य

इमानी कुत्र्याचे गोडवे गाण्यास कोणासच प्रयास पडत नाहींत. महाभारतांत धर्मराजानें सोबतच्या कुत्र्यास टाकून स्वर्गांत जाण्याचें नाकारिलें. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागें नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धांवले, ही कथा तर घरोघर सांगतात. परंतु जो कुत्रा गुरगुरतो, पाहुण्यांच्या अंगावर धांवतो, प्रसंगीं घरच्याच मुलास चावतो, त्याचें काय करावें? आमच्या मतें घराच्या माणुसकीची खरी पारख अशाच कुत्र्यापाशीं होते.

हें आम्ही केवळ तर्कानें लिहीत नाहीं. आमच्या लहानपणीं घरीं मोत्या नांवाचा कुत्रा होता. तो आला तेव्हां दोन वर्षांचा होता. पूर्वींच्या घरीं त्यास आंखूड साखळीनें अष्टौप्रहर खांबास बांधीत व काठीनें बडवीत. त्यामुळें काठी, छत्री, फार काय, अंगण झाडावयाचा खराटा दिसला तरी तो शेपूट पायांत घालून दांत विचकी. भाकरीच्या ताटलीजवळ कोणी गेलें कीं थरथरत गुरगुरे. पोस्टमन आमचीं पत्रें फाटकावरूनच टाकी, आणि आमचे सोबती खेळावयास येईनासे झाले.

एके दिवशीं आमच्या चार वर्षांच्या धाकट्या भावानें त्याच्या भाकरीकडे हात नेला आणि मोत्या त्याच्या मनगटास कडकडून चावला. त्या काळीं पोटांत चौदा सुया घ्याव्या लागत. भावाचें रडणें ऐकून सारें घर हवालदिल झालें. नदीपलीकडे सोडून यावें, असें शेजाऱ्यांनीं सुचविलें. काकांनीं गोणपाटही काढलें. तेव्हां आजी म्हणाली, "अरे, तिकडेही कोणाचीं तरी पोरें आहेतच ना? आपली पीडा त्यांच्या दारांत कशाला?" या प्रश्नास कोणापाशींच उत्तर नव्हतें.

डॉक्टरांच्या सांगण्यावरून दहा दिवस मोत्यास वेगळें बांधून पाहिलें; तो धडधाकट राहिला. मग वडिलांनीं मागच्या अंगणांत लांकडी कुंपण घातलें. भाकरी ठराविक वेळीं कुंपणाआड ठेवावयाची, तो खात असतां कोणीं तिकडे फिरकावयाचें नाहीं, आणि घरांत काठी उगारावयाची नाहीं, असे नियम झाले. मोत्या कांहीं साधु झाला नाहीं. पण पुढें आठ वर्षें जगला आणि पुन्हां कोणास चावला नाहीं.

कोणी म्हणेल, मुलाच्या जिवापुढें कुत्र्याची काय मातब्बरी? मुलाचा जीव आधीं, हें आम्हांसही मान्य आहे. परंतु कुत्रा टाकून दिल्यानें धोका नाहींसा होत नाहीं. तो दुसऱ्याच्या मुलाकडे जातो, आणि उपासानें व भीतीनें अधिकच वाढतो. शिवाय मुक्या प्राण्यास उपासमारीच्या तोंडीं टाकणें हा 1960 च्या कायद्यानें अपराध आहे.

द्वाडपणाचें मूळ पुष्कळदां भीतींत असतें. स्कॉट व फुलर या अमेरिकन संशोधकांनीं 1965 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, पिलूं सुमारें तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत माणसांशीं सहज मैत्री करण्यास शिकतें. तो काळ एकांतांत किंवा मारांत गेला, तर पुढील सारें आयुष्य त्याची भरपाई करण्यांत जातें.

विद्यार्थिमित्रांनो, खात असलेल्या, निजलेल्या किंवा पिलांजवळ बसलेल्या कुत्र्यास हात लावूं नका. कुत्रा चावल्यास जखमेवर हळद-तिखट न लावतां ती साबण व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवा, वडील माणसांपासून लपवूं नका, आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जा. 1885 सालीं पाश्चरनें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास प्रथम लस टोचली. आज पोटांतील सुयांची भीतिही उरलेली नाहीं. पण रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागलीं कीं उपाय जवळजवळ नाहींच.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, मुलांच्या हट्टास्तव कुत्रा आणण्यापूर्वीं त्यास जागा, वेळ आणि दरवर्षींची लस देतां येईल काय, याचा विचार करावा. देतां येत नसेल तर आणूं नये. आणलाच, तर तो द्वाड निघाला म्हणून हात झटकूं नये. आपल्यावर अवलंबून असलेला जीव गैरसोयीचा झाला असतां वडील माणसें काय करितात, तें मुलें मुकाट्यानें पाहत असतात, आणि तो धडा त्यांच्या मनांतून सहसा पुसला जात नाहीं.