दोन ओळींसाठी सहाशे पायऱ्या



तुमच्यापैकी जे मराठी शाळेत शिकले, त्यांना हा एका गुणाचा प्रश्न आठवत असेल: मराठीतला पहिला शिलालेख कुठे आहे? तुम्ही ‘श्रवणबेळगोळ’ असं लिहिलं असेल आणि पुढच्या प्रश्नाकडे वळला असाल. गाव कुठे आहे, दगड कुठे आहे, तिथपर्यंत पोहोचायला काय करावं लागतं, हे परीक्षेत कुणी विचारत नाही.

म्हणून आजच्या सदरात तिकडेच जाऊ. शिलालेख डोंगरावर आहे, पायी चढावं लागतं आणि तेही अनवाणी. हा डोंगर एकट्याने चढू नका, चारचौघांबरोबर चढा, असं मी का म्हणते तेही सांगते.

आमच्या बन्नीमंटप भागातल्या काही उत्साही मंडळींनी जानेवारीतल्या एका रविवारी श्रवणबेळगोळची पदयात्रा ठरवली. नाव नोंदवायचं, बसचे पैसे भरायचे, बाकी अट काहीच नाही. कुठल्याही भाषेचा, कुठल्याही वयाचा माणूस चालेल. आमच्या घरातून तिघं निघालो. मी, माझी ७४ वर्षांची आजी आणि १२ वर्षांचा चुलतभाऊ. आम्ही मूळचे निपाणीकडचे. आजोबा नोकरीसाठी म्हैसूरला आले आणि इथलेच झाले. आजी मराठीत बोलते, चुलतभाऊ तिला कन्नडमध्ये उत्तर देतो. मराठी त्याला कळतं, पण बोलायला लाज वाटते. आजी त्यावर काही म्हणत नाही, फक्त तोच प्रश्न पुन्हा मराठीत विचारते. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको.

बन्नीमंटपातून निघताना

बन्नीमंटप हे नाव ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी थोडंसं. बन्नी म्हणजे शमी. आपण दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, कर्नाटकात तो मान बन्नीच्या पानांना. म्हैसूर दसऱ्याची जंबू सवारी राजवाड्यातून निघते, सोन्याच्या अंबारीत चामुंडेश्वरी देवी बसते आणि मिरवणूक संपते ती आमच्या बन्नीमंटपाजवळ. संध्याकाळी इथल्या मैदानावर मशालींचं संचलन होतं. म्हणजे सीमोल्लंघनाचीच ही जागा. पदयात्रेला निघायला याहून चांगलं ठिकाण कुठलं?

पहाटे साडेपाचला बस निघाली. श्रीरंगपट्टण, पांडवपुर, किक्केरी असा रस्ता. अंतर साधारण ८५ किलोमीटर. उसाची शेतं आणि नारळाच्या बागा मागे पडतात आणि मग सपाट जमिनीतून अचानक वर आलेला एक गुळगुळीत दगडी डोंगर दिसतो. हा विंध्यगिरी. समोर त्याच्याहून लहान चंद्रगिरी आणि दोघांच्या मधे पायऱ्या बांधलेलं मोठं तळं, कल्याणी. बेळगोळ म्हणजे पांढरं तळं. गावाचं नाव त्यावरूनच पडलं.

सगळ्यांत मागे कोण?

अशा सामूहिक चढाईला जाण्याआधी आयोजकांना एक प्रश्न जरूर विचारा: सगळ्यांत मागे कोण चालणार आहे? पुढे कोण चालणार हे सगळे सांगतात. पण दमलेल्याच्या सोबत थांबणारा, पाणी आहे का विचारणारा, ‘आपण इथेच बसू’ असं न लाजता म्हणणारा माणूस मागे लागतो. आमच्या पदयात्रेत हे काम एका निवृत्त कन्नड शिक्षकांकडे होतं. सगळे त्यांना ‘मेष्ट्रु’ म्हणतात, म्हणजे मास्तर. त्यांच्यापेक्षा मागे कुणी राहायचं नाही आणि ते पोहोचेपर्यंत पुढच्यांनी थांबायचं, एवढाच नियम होता.

चपला खालीच काढायच्या. डोंगर पवित्र मानला जातो, त्यामुळे वर अनवाणीच जायचं. पाय भाजू नयेत म्हणून मोजे चालतात आणि खाली विकतही मिळतात. पायऱ्या सहाशेहून जास्त आहेत, बऱ्याचशा डोंगराच्या दगडातच कोरलेल्या. बाजूला धरायला कठडा आहे. सकाळी दगड गार असतो, पायाला बरं वाटतं. दुपारी मात्र तोच दगड तव्यासारखा तापतो.

ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीची सोय असते. आम्ही आजीला विचारलं. ती म्हणाली, “चौघांच्या खांद्यावरून जायची वेळ येईलच, आत्तापासून कशाला?” आणि कल्याणीच्या काठावर सावली बघून बसली. सोबत आमच्या गल्लीतल्या दोन आंटी थांबल्या. या पदयात्रेतली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच: न चढणाऱ्यांची सोय आधीच ठरलेली होती, त्यामुळे आजीला आपण कुणाचा खोळंबा केला असं वाटलं नाही.

वाटेत थांबावं अशी ठिकाणं आहेत. त्यागद ब्रह्मदेवाचा नक्षीदार स्तंभ आहे, वडेगल बसदी आहे. अखंड बागिलु म्हणून एक दरवाजा आहे, सबंध एका खडकातून कोरून काढलेला, वर गजलक्ष्मी. तिथे उभं राहून मागे वळलं की कल्याणी ताटलीएवढी दिसते.

गोमटेश्वरासमोर

शेवटचं अंगण ओलांडलं की तो एकदम समोर येतो. ५७ फूट उंच, एकाच दगडातून कोरलेला बाहुबली. मांड्यांच्या वर कुठलाही आधार नाही. गोष्ट अशी की, भरत आणि बाहुबली या भावांत राज्यावरून लढाई झाली. बाहुबली जिंकला आणि जिंकल्यावरच त्याला त्या जिंकण्याचा वीट आला. राज्य सोडून तो तपाला उभा राहिला. इतका वेळ, की पायांजवळ वारुळं झाली आणि अंगावर वेली चढल्या. शिल्पकाराने त्या वेली दंडापर्यंत नेल्या आहेत. चेहऱ्यावर मात्र कशाचाच ताण नाही.

ही मूर्ती गंग राजांचा मंत्री आणि सेनापती चावुंडराय याने करवून घेतली. साल साधारण ९८१ मानलं जातं. दर १२ वर्षांनी इथे महामस्तकाभिषेक होतो. मागचा २०१८ मध्ये झाला.

अंगणाबाहेर मूर्तीकडे तोंड करून उभी असलेली एक छोटी म्हातारी चुकवू नका. ती गुळ्ळकायज्जी. चावुंडरायाने घागरींनी दूध ओतलं तरी अभिषेक मांड्यांच्या खाली उतरेना. मग ही म्हातारी गुळ्ळकायी नावाच्या लहानशा फळाच्या वाटीत दूध घेऊन आली, तेवढं ओतलं आणि ते पायांपर्यंत पोहोचलं, अशी लोककथा आहे. तिच्यासमोर आमच्यातल्या बऱ्याच जणांनी फोन बाहेर काढले.

पायाजवळच्या ओळी

आता त्या एका गुणाच्या प्रश्नाकडे.

शिलालेख मूर्तीच्या पायांजवळ आहेत. लांबून पाहायचं, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करायचं. कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत थोडक्यात एकच गोष्ट लिहिली आहे: हे कुणी करवलं. मराठी ओळी नागरीत आहेत.

शाळेत हिंदी असल्यामुळे चुलतभावाला देवनागरी येते. त्याने माझा फोन घेतला, चित्र मोठं केलं आणि आजीला व्हिडिओ कॉल लावून अडखळत वाचलं: श्री चावुण्डराजें करवियलें.

“करवियलें म्हणजे काय?” त्याने विचारलं. कन्नडमध्येच.

खालून आजी म्हणाली, “अरे, करवून घेतलं. ज्ञानेश्वरीत असं असतं. चावुंडराजाने करवून घेतलं.” मग तिने त्याच्याकडून ती ओळ पुन्हा वाचून घेतली. दोनदा.

दुसरी ओळ आली: श्री गंगराजें सुत्ताले करवियलें. आता ‘सुत्ताले’ काय? आजी गप्प. मीही गप्प. इंग्रजीत बी. ए. करून इथे काही उपयोग नव्हता. मागून येऊन पोहोचलेले मेष्ट्रु आमच्या खांद्यावरून पाहत होते. ते हसले. कन्नडमध्ये ‘सुत्त’ म्हणजे भोवती. सुत्तालय म्हणजे भोवतीची बांधलेली ओवरी. त्यांनी हात फिरवून मूर्तीभोवतीचं ते सगळं बांधकाम दाखवलं. होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापती गंगराज याने ते बाराव्या शतकात बांधवलं.

म्हणजे बघा. शाळेच्या पुस्तकात आपण ज्याला मराठीचा पहिला लेख म्हणतो, त्यातला एक शब्द आम्हा मराठी माणसांना कळला नाही आणि कन्नड मास्तरांना कळला.

मग मेष्ट्रुंनी त्यांची ओळ वाचली, ‘माडिसिदं’, करवलं. आजची बोलीतली कन्नड नाही ती, जुनी आहे, त्यामुळे चुलतभावाला त्याच्या कन्नडचा जो अभिमान होता तोही थोडा खाली आला. आमच्याबरोबर एक तमिळ कुटुंब होतं. तमिळ ओळ मात्र आजच्या तमिळ लिपीत नाही, त्यामुळे तिथे सगळेच अडले. त्या घरातल्या काकूंनी फोटो काढून तिरुचीच्या आपल्या भावाला पाठवला. उत्तर यायचं होतं तेव्हा येईल, आम्ही पुढे निघालो.

पहिला की दुसरा?

घरी गेल्यावर कुणी तुम्हाला अडवेल, म्हणून हेही सांगून ठेवते. हा मराठीतला पहिला लेख आहे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. दोन्ही मराठी ओळी गंगराजाच्याच काळात कोरल्या असाव्यात, असं काहींचं मत आहे. अलिबागजवळच्या अक्षी गावातला शिलालेख शके ९३४ चा, म्हणजे १०१२ सालचा आहे आणि तारीख असलेला सर्वांत जुना म्हणून आता त्याचं नाव घेतलं जातं.

मला विचाराल तर पहिल्या नंबरासाठी भांडायची गरज नाही. मला वेगळंच कुतूहल वाटतं. कन्नड मुलखातल्या डोंगरावर, कन्नड सेनापतीने, शेजारी कन्नड ओळ असताना, मराठी ओळ कशासाठी कोरून घेतली असेल? उघड आहे: मराठी वाचणारी माणसं इथपर्यंत येत होती म्हणून. यात्रेकरू आले असतील, व्यापारी आले असतील. त्यांना आपल्या भाषेत कळावं एवढी काळजी कुणीतरी घेतली. आणि तसं करताना आपला ‘सुत्ताले’ त्यांच्या वाक्यात सहज ठेवून दिला.

आज त्या पायांजवळच्या तिन्ही भाषा अभिजात आहेत. तमिळला २००४ मध्ये दर्जा मिळाला, कन्नडला २००८ मध्ये आणि मराठीला २०२४ मध्ये. आपल्याकडे सीमाभागात पाट्यांवरून काय काय होतं ते तुम्ही बातम्यांत वाचता. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात, यावर मी इथे निकाल देणार नाही. पण एका दगडावर तीन भाषा शेजारी शेजारी कशा राहतात, हे मुलांना दाखवायचं असेल तर बसने दोन तासांवर आहे.

म्हणूनच म्हणते, हा डोंगर सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या पदयात्रेतून चढा. फक्त आपल्या माणसांबरोबर गेलात तर तुम्ही तुमची ओळ वाचून परत याल. तीही अर्धीच.

जाणार असाल तर

आठवडाभर आधी थोडा सराव करा. म्हैसूरकरांना चामुंडी डोंगराच्या हजारभर पायऱ्या आहेतच. सगळ्या चढायची गरज नाही, सतराव्या शतकातल्या त्या मोठ्या नंदीपर्यंत गेलात तरी पुरे.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. ऊन चढायच्या आत चढायला लागा. जाड मोजे, टोपी आणि पाण्याची बाटली घ्या, रिकामी बाटली खाली परत आणा. हे जैन तीर्थ आहे, तेव्हा कपडे आणि बोलणं दोन्ही साधं ठेवा, डबा खाली येऊन खा. आम्ही तळ्याजवळ बसलो. कुणाचं चित्रान्न होतं, कुणाची कोसंबरी, आमच्याकडचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. धपाटे सर्वांत आधी संपले, हे आजीने घरी येऊन तीन जणांना सांगितलं.

उतरताना घाई करू नका, गुडघे उतरतानाच दुखतात. वेळ उरला तर चंद्रगिरीही चढा. तो लहान आहे आणि त्याचा इतिहास विंध्यगिरीपेक्षा जुना आहे. चंद्रगुप्त मौर्य आयुष्याच्या शेवटी इथे आला, अशी जैन परंपरा आहे.

आणि मुलांना घेऊन गेलात तर ओळी तुम्ही वाचून दाखवू नका. फोन त्यांच्या हातात द्या. अडली तर घरच्या आजी-आजोबांना कॉल लावू द्या. आमच्या घरात त्या रात्री चुलतभाऊ जेवायला बसला, भाताकडे बघितलं आणि म्हणाला, “आजी, हा भात कुणी करवियला?”

आजी म्हणाली, “मी. आणि करवियला नाही, केला. वाढू का?”

“वाढ,” तो म्हणाला. मराठीत.

पुढच्या वेळी भेटू. तोवर तुमच्या गावाजवळच्या डोंगरावर कुठली ओळ कोरली आहे आणि ती वाचायला कुणाला सोबत न्यावं लागेल, ते शोधून ठेवा.