मातीच्या बाहुल्यांची साक्ष

कंबोडिया हा बुद्धाला मानणारा देश. पण १७ एप्रिल १९७५ रोजी पोल पॉटच्या सैनिकांनी राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि सारे शहर ओस पाडले. भिक्खूंची चीवरे उतरवली. गाणारे, नाचणारे, चित्रे काढणारे बहुतेक मारले गेले, नाहीतर उपाशी मेले. जानेवारी १९७९ पर्यंत हे चालले.

तेथील तुओल स्लेंग या शाळेचा तुरुंग केला. हजारो आत गेले, मोजकेच वाचले. त्यांतले एक वान नाथ. पोल पॉटची चित्रे रंगवून घ्यायला त्यांना जिवंत ठेवले होते. सुटल्यावर त्याच हातांनी त्यांनी तेथला छळ रंगवला. त्याच इमारतीत आता संग्रहालय आहे आणि तेथे ती चित्रे लावली आहेत.

रिथी पान्ह यांच्या घरची माणसे तेव्हाच गेली. त्या दिवसांची छायाचित्रे नव्हती, म्हणून मातीच्या बाहुल्या घडवून घेऊन त्यांनी २०१३ साली ‘द मिसिंग पिक्चर’ हा चित्रपट केला. त्यांच्याच पुढाकाराने २००६ साली शहरात बोफाना केंद्र उघडले. तेथे जुन्या फिती जपतात आणि लोकांना फुकट दाखवतात.

काँग नाय हे अंध गायक. चापेई हे लांब दांड्याचे तंतुवाद्य वाजवून ते गात. त्यांची गाणी कागदावर नव्हती, तोंडी होती. ते वाचले म्हणून शिष्य शिकले. २०२४ साली ते गेले, पण चापेई थांबले नाही.

जुलमी राजवटीला माणूस मारून भागत नाही, त्याची आठवणही पुसावी लागते. नॉम पेन्हच्या कलावंतांनी ती पुसू दिली नाही. आपल्याही घरात आजी-आजोबांच्या तोंडी गाणी असतील. आम्ही मुलांना एवढेच सांगू, ती आजच वहीत उतरवून घ्या.

जयभीम!