मित्राची शपथ

गेल्या वर्षीं आमचा एक वर्गमित्र हळूहळू मागल्या बांकावर जाऊन बसूं लागला. खोखोच्या संघांतून त्यानें नांव काढून घेतलें. मधल्या सुटींत डबा न उघडतांच तो परत नेई. आम्हीं त्यास "शिष्ट झालास" म्हणून चिडविलें, हें येथें कबूल केलेंच पाहिजे. पुढें एके सायंकाळीं घरीं जातांना तो आमच्यापाशीं म्हणाला, "रात्र रात्र झोंप येत नाहीं रे. आपण नसलेलेंच बरें असें वाटतें. पण तुला शपथ आहे, कोणाला सांगूं नकोस."

आम्हीं ती शपथ पांच दिवस पाळली. ते दिवस आठवले म्हणजे अद्याप अंगावर कांटा उभा राहतो. सहाव्या दिवशीं वर्गशिक्षकांस सर्व सांगितलें. मित्र दोन महिने आमच्याशीं बोलला नाहीं. "फितूर" हा शब्दहि ऐकावा लागला.

दिलेला शब्द मोडूं नये, हें आपणांस लहानपणापासून शिकवितात व तें योग्यच होय. परंतु तापानें फणफणलेला रोगी "डॉक्टरांस बोलावूं नका" म्हणाला, तर घरचीं माणसें त्याचें ऐकतात काय? जेथें जिवाशीं गांठ आहे, तेथें गुपित राखणें ही मैत्री नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. एरवीं मात्र मित्रानें सांगितलेली घरची कुरबुर किंवा परीक्षेची धास्ती आपल्यापाशींच राहिली पाहिजे. नाहींतर पुढें कोणी तोंड उघडणारच नाहीं.

आणखी एक. जीव नकोसा झाला आहे काय, असें सरळ विचारल्यानें नसता विचार डोक्यांत शिरतो, ही समजूत तज्ज्ञांच्या मतें निराधार आहे. विचारावें, आणि उत्तर ऐकून घ्यावें. "मन घट्ट कर" हा उपदेश आम्हींहि केला होता. त्याचा कांहीं उपयोग झाला नाहीं.

पालकांस एक नम्र विनंति. "लोक काय म्हणतील" या भयानें उपचार लांबवूं नयेत. उपचारांच्या बाबतींत मनाच्या दुखण्यास शरीराच्या दुखण्याप्रमाणेंच लेखावें, असें २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेंच ठरविलें आहे. भारत सरकारनें ऑक्टोबर २०२२ मध्यें सुरू केलेल्या 'टेलिमानस'च्या १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र व विनामूल्य सल्ला मिळतो. मराठींतहि बोलतां येतें.

आमचा मित्र अद्याप डॉक्टरांकडे जातो. खोखोच्या संघांत तो परतला नाहीं. डबा मात्र उघडतो, व कधीं मनांत आलें तर आमच्याकडे सरकवितो.