फी म्हणजे बचत नव्हे!

कॉलेजची फी भरून घरी परतणारा बाप बचत करून आलेला नसतो. त्याचा खिसा रिकामा झालेला असतो. आयकर खात्याचा समज वेगळा आहे. 1961च्या कायद्याने कलम 80सीमध्ये दोन मुलांची ट्यूशन फी पीएफ, पीपीएफ, विम्याचा हप्ता आणि घरकर्जाचे मुद्दल यांच्या पंगतीत बसवली. सगळ्यांची मिळून वजावट 1.5 लाख रुपये. हा आकडा 2014चा. 2025चा नवा आयकर कायदा आला, कलमाचा क्रमांक बदलून 123 झाला, आकडा तिथेच!

ज्याचा मूळ पगार 50,000 रुपये, त्याचे वर्षाला 72,000 पीएफलाच जातात. उरलेली जागा घराचा हप्ता खातो. मग फीची पावती जोडली काय, न जोडली काय! शिवाय पीएफ व्याजासकट परत मिळतो. फी मिळते का?

पावतीतही कात्री आहेच. डेव्हलपमेंट फी नाही, देणगी नाही, वसतिगृह आणि मेस नाही. नीटसाठी मुलीला लातूरला ठेवणाऱ्या घराचा मोठा खर्च नेमका इथेच होतो. क्लासच्या फीला वजावट नाहीच, वर 18 टक्के जीएसटी. पगारातल्या वसतिगृह भत्त्यावरची करमाफी तर वर्षानुवर्षे दरमहा 300 रुपये राहिली. एवढ्यात मेसचे किती दिवस निघत होते, हे एकदा अर्थ मंत्रालयानेच सांगावे.

शैक्षणिक कर्ज काढणाऱ्याला मात्र कलम 80ईने हात दिला: आठ वर्षांपर्यंत सगळे व्याज वजा, रकमेला मर्यादा नाही. पोटाला चिमटा घेऊन रोख फी भरणाऱ्याची तेवढी कदर नाही.

2020 साली नवी करप्रणाली आली आणि 2023पासून तीच आपोआप लागू होऊ लागली. तिच्यात ना फीची वजावट, ना शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची. मालकाने भरलेली एनपीएसची वर्गणी मात्र वजा होते!

12 लाखांपर्यंत कर नाही, मग रडता कशाला, असे विचारणारे भेटतात. त्या घरांना वजावटीचा उपयोग नाही हे खरेच. त्यांना शिष्यवृत्ती हवी, आणि ती वेळेवर हवी. पण 15 लाख कमावणाऱ्या, दोन मुले कॉलेजात असलेल्या घराने कुठे जावे? महाराष्ट्रातली मुलींची फीमाफीही 8 लाख उत्पन्नाला थांबते.

मागणी साधी आहे. फी आणि वसतिगृहाच्या खर्चाला 1.5 लाखांबाहेर स्वतंत्र वजावट द्या, आणि ती दोन्ही करप्रणालींत द्या. अर्थसंकल्प 1 फेब्रुवारीला मांडला जातो. पालकांनो, त्याआधी आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि सोबत यंदाच्या फीच्या पावतीची झेरॉक्स जोडा.