लहान गावांचा आवाज

सातपुड्याचा उतार जेथे पूर्णेच्या खोऱ्याला मिळतो, तेथे संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा वसले आहे. बाजारहाट आणि पोलीस ठाणे यांमुळे टुनकी, लाडणापूर, आलेवाडी आणि डोंगराच्या कुशीतील आदिवासी वस्त्या यांची पावले या गावाकडे वळतात. मोठ्या गावाभोवती लहान गावांनी नांदावे, यात नवे काही नाही. प्रश्न एवढाच, की या नांदण्यात लहान गावाला शब्द किती?

या मुलखाच्या सीमा नेहमीच दुरून आखल्या गेल्या. १९०५ साली वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेररचना होऊन जळगाव तालुका अकोल्यातून काढून बुलढाण्यास जोडला गेला. सोनाळ्याचा परिसर याच तालुक्यात होता. संग्रामपूर तालुका पुढे झाला. अकोला जवळ असताना घाटाखालच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी घाट चढावा लागतो, तो या रेघेमुळे. खामगाव जिल्ह्याच्या जुन्या मागणीचे मूळही याच गैरसोयीत आहे.

जिल्ह्याच्या पातळीवर जे घडले, तेच गावाच्या पातळीवर घडते. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने अनेक लहान गावांची एक गट ग्रामपंचायत करण्याची सोय ठेवली. खर्च व मनुष्यबळ यांचा विचार करता ती गैर म्हणता येणार नाही. परंतु सात ते सतरा सदस्यांच्या पंचायतीत जागा लोकसंख्येच्या प्रमाणात पडतात आणि लहान वस्तीच्या वाट्याला जेमतेम एखादी जागा येते. चौदाव्या वित्त आयोगापासून, म्हणजे २०१५ नंतर, केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या हाती येऊ लागला. तेव्हापासून या एका जागेचे मोल अधिकच जाणवू लागले आहे. नाली कोणत्या आळीत व्हावी आणि दिवा कोणत्या वाटेवर लागावा, हे बहुमत ठरवते. आणि बहुमत नेहमी मोठ्या गावातच राहते.

एकत्र येण्यात लाभ नाही, असे मात्र नव्हे. खालच्या अंगाला खारपाणपट्टा आहे. तेथील विहिरीचे पाणी पिणे म्हणजे प्रकृतीशी खेळ, हे मूत्रपिंडाच्या विकारांनी ग्रासलेल्या गावांना कोणी सांगावयास नको. वान धरणावरील १४० गावांच्या पाणीपुरवठा योजनेसारखे काम एकट्यादुकट्या गावाला झेपणारे नव्हे. मोठ्या कामासाठी गावे जोडावीत, हे रास्तच. परंतु पाणी एका नळाने आले म्हणून मतही एकाच मुखाने यावे, असे होत नाही.

परदेशाचा अनुभवही हेच सांगतो. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात १८४९ च्या कायद्याने ‘टाउनशिप’ला स्वराज्य मिळाले, एका टाउनशिपमध्ये चारदोन खेडी नांदत असत. १९९६ नंतर काटकसरीच्या नावाने तेथील आठशेहून अधिक स्थानिक संस्था एकमेकींत विलीन करून त्यांची संख्या साडेचारशेच्या आत आणली गेली. खेडी जागेवर राहिली, पण अनेकांची स्वतःची परिषद गेली. श्रीमंत देशात रस्ते व दवाखाने असल्याने ही हानी सोसवते. आपल्याकडे ज्या वस्तीचा ठराव नाही, तिचा रस्ताही नाही.

सातपुड्याच्या या अंगाला कोरकू, भिलाला, निहाल यांच्या वस्त्या आहेत. त्यांच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते. १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने आणि राज्याच्या २०१४ च्या नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. पलीकडच्या धारणी तालुक्यात आणि पश्चिमेकडे रावेरच्या आदिवासी पट्ट्यात हा कायदा लागू आहे. मधल्या बुलढाणा जिल्ह्याला मात्र तो लागू नाही. डोंगर एक, माणसे एक, जंगलही एक. हक्क तेवढे जिल्ह्याच्या रेघेवर अडतात. त्यातच १९९७ पासून येथे अंबाबरवा अभयारण्य आहे. २००६ च्या कायद्यानुसार वनहक्काचा दावा प्रथम ग्रामसभेपुढेच जातो. ती सभा दूरच्या मोठ्या गावात आणि वस्तीवरची माणसे मजुरीला गेली असताना भरली, तर तो हक्क कागदावरच राहणार, हे उघड आहे.

यासाठी प्रत्येक लहान गावाची वेगळी पंचायत करावी, असा आग्रह नाही; तसे केल्यास कार्यालये वाढतील आणि कामे तेवढीच राहतील. तथापि गटातील प्रत्येक गावाची सभा त्या त्या गावात भरावी, तिचा ठराव पंचायतीच्या दप्तरात नोंदला जावा आणि निधीचा निदान काही वाटा वस्तीनिहाय ठरावा, एवढे तरी शासनाला अवघड नाही. अनुसूचित क्षेत्राच्या सीमेचा फेरविचार हे दिल्लीचे काम आहे. पण त्यासाठी आग्रह धरणे हे मुंबईचे कर्तव्य ठरते.

स्वराज्य गावापर्यंत आले, असे १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या तेव्हा सांगितले गेले. ते मोठ्या गावाच्या वेशीपर्यंत आले, हे खरे. तेथून वस्तीपर्यंतची चार कोसांची पायवाट अजून चालावयाची आहे.