‘रिपोर्ट नॉर्मल’ म्हणजे आजार खोटा नव्हे

२०१६ च्या अखेरीस क्युबाची राजधानी हवाना येथील अमेरिकी दूतावासातल्या काही कर्मचाऱ्यांना विचित्र त्रास सुरू झाला. कुणाला राहत्या घरी अचानक कर्कश आवाज ऐकू आला, कुणाला डोक्यावर दाब जाणवला. पाठोपाठ चक्कर, डोकेदुखी, कानात गुणगुण, झोप न लागणे, कामात लक्ष न लागणे. काहीजण लवकर बरे झाले, काहींचा त्रास वर्षानुवर्षे राहिला. पुढे चीनमधील ग्वांगझू, ऑस्ट्रियातील व्हिएन्ना अशी ठिकाणांची यादी वाढत गेली. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘सीआयए’च्या तत्कालीन प्रमुखांसोबत भारतात आलेल्या पथकातील एकाला अशीच लक्षणे जाणवल्याच्या बातम्या आल्या आणि ‘हवाना सिंड्रोम’ हे नाव आपल्याकडच्या वाचकांच्याही कानावर पडले.

या प्रकरणात दोन प्रश्न आहेत. पहिला : हे कुणी केले? दुसरा : या माणसांना काय झाले आहे आणि ती बरी कशी होतील? पहिला प्रश्न गुप्तहेरांचा, दुसरा डॉक्टरांचा. गेली काही वर्षे दोन्हींची गल्लत होत आली आहे आणि तिची किंमत रुग्णांनी मोजली आहे.

शस्त्राचा संशय हा निव्वळ कल्पनाविलास नव्हता, हे आधी मान्य करू. मायक्रोवेव्हच्या स्पंदनांमुळे माणसाला टकटक किंवा गुणगुण ऐकू येऊ शकते, हे ॲलन फ्रे या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवले होते. डोक्यातील पेशी क्षणभर किंचित तापतात, प्रसरण पावतात, त्यातून दाबलहर निघते आणि ती आतल्या कानाला आवाज म्हणून कळते. शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोतील अमेरिकी दूतावासावर अनेक वर्षे मायक्रोवेव्हचा मारा होत होता. तिथल्या कर्मचाऱ्यांचा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने केलेला अभ्यास १९७८ मध्ये पूर्ण झाला. त्यात या लहरींमुळे आजार झाल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीने हवानातील काही रुग्णांबाबत स्पंदित रेडिओलहरी हे सर्वांत संभाव्य कारण असल्याचे म्हटले.

पण ‘संभाव्य’ म्हणजे ‘सिद्ध’ नव्हे. हवानातील एका ध्वनिमुद्रणाची बरीच चर्चा झाली होती. २०१९ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी तो आवाज एका जातीच्या रातकिड्याच्या आवाजाशी जुळवून दाखवला. मार्च २०२३ मध्ये अमेरिकी गुप्तचर यंत्रणांनी, यामागे परकी शत्रू असण्याची शक्यता फारच कमी आहे, असा निष्कर्ष जाहीर केला. २०२४ मध्ये काही पत्रकारांच्या संयुक्त शोधाने पुन्हा रशियन लष्करी गुप्तचरांकडे बोट दाखवले. जानेवारी २०२५ च्या फेरआढाव्यात सातपैकी पाच यंत्रणा आपल्या मतावर ठाम राहिल्या, तर दोघींनी दार थोडे किलकिले ठेवले. असे शस्त्र या माणसांवर वापरले गेल्याचा निर्णायक पुरावा मात्र आजवर जाहीर झालेला नाही.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाकडे वळू. २०१८ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. डोक्याला मार न लागताही मार लागल्यासारखी लक्षणे, असे त्याचे सार होते. निकष फार सैल आहेत, अशी टीका त्यावर झाली. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने ८० हून अधिक रुग्णांची तुलना निरोगी सहकाऱ्यांशी केली. एमआरआयमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. श्रवण आणि तोलाच्या बहुतेक चाचण्यांमध्येही नाही. पण थकवा, नैराश्य आणि आघातानंतरच्या तणावाची लक्षणे रुग्णांमध्ये स्पष्टपणे जास्त होती. साधारण २८ टक्के रुग्णांत ‘कार्यात्मक’ चेताविकार आढळला आणि त्यांपैकी बहुतेकांना दीर्घकाळ टिकणारी चक्कर होती.

हा निष्कर्ष जाहीर होताच दोन्ही बाजूंनी त्याचा चुकीचा अर्थ लावला गेला. एक गट म्हणाला, ‘बघा, सगळे मनाचे खेळ.’ दुसरा म्हणाला, ‘सरकार लपवाछपवी करतेय.’ कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला हे दोन्ही सूर ओळखीचे आहेत. चक्कर येणाऱ्या रुग्णाचा एमआरआय नॉर्मल आला, की नातेवाईक सुटकेचा नि:श्वास टाकतात आणि रुग्णाचा चेहरा पडतो. आता घरात आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, हे त्याला कळलेले असते.

कार्यात्मक विकार म्हणजे सोंग नव्हे. खवळलेल्या समुद्रातून बोटीने मांडव्याला उतरल्यावर धक्क्यावरही पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. त्या वेळी कान, डोळे, मेंदू यांचा कुठलाही फोटो काढला तरी बिघाड दिसणार नाही. पण हलणे खरेच जाणवते. बहुतेकांचे ते थोड्या वेळात थांबते. काहींमध्ये मात्र एखादा कानाचा संसर्ग, अर्धशिशी किंवा जबर भीती हे निमित्त होते आणि मेंदू तोलावर सतत पहारा देऊ लागतो. तो पहाराच पुढे आजार बनतो. तोलाचे ठरावीक व्यायाम, समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांनी यातले पुष्कळ रुग्ण सुधारतात. उपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके चांगले. ‘तुमच्यावर हल्ला झाला’ किंवा ‘तुम्हाला काहीच झालेले नाही’ ही दोन्ही वाक्ये हा उपचार लांबवतात.

याच प्रकरणात आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्त गंभीर वाटते. या रुग्णांवरचा राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील संशोधन प्रकल्प ऑगस्ट २०२४ मध्ये बंद करण्यात आला. सहभागासाठी काहींवर दबाव आणला गेल्याचे अंतर्गत चौकशीत आढळले. हा दबाव संस्थेच्या डॉक्टरांनी आणलेला नव्हता, असेही सांगण्यात आले. रुग्णाची संमती मुक्त नसेल, तर त्या संशोधनाचा आधारच जातो. उपचार हवेत तर अभ्यासात सामील व्हा, अशी अट कुठल्याही मालकाला घालता येता कामा नये, मग तो मालक सरकार का असेना.

आपण यातून काय घ्यावे? नोव्हेंबर २०२० मध्ये, चीनने लडाखमध्ये आपल्या जवानांवर मायक्रोवेव्ह अस्त्र वापरले, असा दावा एका चिनी प्राध्यापकाने केला. भारतीय लष्कराने तो निराधार असल्याचे तातडीने सांगितले, तरी त्याचे संदेश मोबाइलवर बराच काळ फिरत राहिले. अफवेला अंधार लागतो आणि वेळेवर न झालेली तपासणी हा तो अंधार असतो. हवानात अनेकांची सखोल तपासणी घटनेनंतर बऱ्याच काळाने झाली, तोवर मूळ खुणा शोधणे कठीण होऊन बसले.

म्हणून जोखमीच्या किंवा परदेशी नेमणुकीवर जाणाऱ्या प्रत्येक सरकारी कर्मचाऱ्याची श्रवण, तोल आणि स्मरणशक्तीची नोंद आधीच करून ठेवावी. तक्रार आल्यास काही दिवसांच्या आत तपासणी व्हावी आणि ती करणारा डॉक्टर त्याच्या वरिष्ठांना बांधील नसावा. उपचार आणि रजा कारण सिद्ध होण्यावर अवलंबून नसावी. पोलीस, जवान, एसटीचा चालक, सगळ्यांना हे लागू आहे.

शस्त्र होते की नव्हते, याचा निकाल कदाचित अनेक वर्षांनी लागेल. रुग्णाला चक्कर मात्र आज येते आहे.