चेहरा आमचा, शब्द संस्थेचे

वऱ्हाडात शेतकरी आत्महत्यांचे सत्र सुरू झाले तेव्हापासून खेड्यापाड्यांत दोन तऱ्हेची माणसे सातत्याने येत आहेत. एक, मृत शेतकरी मदतीला पात्र की अपात्र हे ठरवायला येणारी. आणि दुसरी, कॅमेरा घेऊन येणारी. पहिल्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. दुसऱ्यांविषयी बोलायची वेळ आता आली आहे.

स्वयंसेवी आणि आंतरराष्ट्रीय संस्थांची बोलण्याची पद्धतच पालटली आहे. पूर्वी संस्था वार्षिक अहवाल काढीत. त्यात आकडे, ताळेबंद आणि शेवटी चार फोटो असत. तो अहवाल देणगीदाराच्या कपाटात जाई आणि तिथेच राही. आता प्रत्येक प्रकल्पाची 'सक्सेस स्टोरी' लागते, मिनिटभराची रील लागते आणि रीलच्या खाली देणगीसाठी क्यूआर कोड लागतो. मोठ्या संस्थांत या कामाला स्वतंत्र विभाग असतो. तिथे बसलेल्या माणसाला धारणी कुठे नि दर्यापूर कुठे हे ठाऊक असेलच असे नाही. त्याला एक चेहरा हवा असतो. तो चेहरा बहुधा बाईचा असतो, आणि जातीची चौकशी केली तर कोणाचा निघतो हे आमच्या वाचकांना सांगायला नको. मजकुरात मात्र जात नसते. तिथे ती फक्त 'लाभार्थी' असते.

दुसऱ्याच्या तोंडून आपली कहाणी ऐकण्याची पाळी कशी येते, याचे उदाहरण वऱ्हाडातच आहे. यवतमाळ जिल्ह्यातील जळका गावच्या कलावतीबाईंचे नाव राहुल गांधी यांनी जुलै २००८ मध्ये लोकसभेत घेतले आणि एका रात्रीत ते देशभर झाले. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, अविश्वास ठरावावर बोलताना गृहमंत्री अमित शहा यांनी पुन्हा तेच नाव घेतले आणि त्यांना घर, वीज, गॅस मोदी सरकारने दिल्याचे सांगितले. दोन्ही वेळा त्या सभागृहात नव्हत्या. पण दुसऱ्या खेपेस त्यांनी पत्रकारांना सांगितले की, हे खरे नाही, आपल्याला मदत झाली ती राहुल गांधींमुळे. कोणता पक्ष खरा, हा आमचा आजचा विषय नाही. जिच्यावर भाषणे झाली तिने उठून 'असे नाही' म्हटले, ही गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. पण कलावतीबाईंकडे कॅमेरे चालून आले. ज्यांच्याकडे ते पुन्हा कधी येत नाहीत, त्यांनी काय करायचे?

काही वर्षांपूर्वी अशाच एक भगिनी आमच्याकडे आल्या होत्या. नवऱ्याने विष घेतल्यानंतर एका संस्थेने त्यांना शिलाई मशीन दिली होती. मदत खरी होती, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. वर्षभराने त्यांचा फोटो, कर्जाचा आकडा आणि नवऱ्याच्या दारूची हकीकत एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत मुलीच्या ठरलेल्या सोयरिकीत पोचली. सोयरीक डळमळली. आम्ही नुकसानभरपाईचे बोलू लागलो तर बाई म्हणाल्या, "मले पैसे नाई पायजे, थो फोटो तेवढा काढाले लावा." संस्थेने संमतीचा कागद पुढे केला. कागद इंग्रजीत आणि खाली बाईचा अंगठा! नोटिशीनंतर फोटो निघाला. जो लोकांच्या फोनमध्ये गेला होता तो गेलाच.

अशा अंगठ्याला कायद्यात किती किंमत आहे? १८७२ च्या करार कायद्याचे कलम १३ सांगते की, दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली तरच ती संमती. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. अत्याचारपीडित मुलांची ओळख उघड करण्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने बंदी आहे. संस्थेचा हेतू चांगला होता, हे त्यावर उत्तर होत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आणखी पुढे जातो. संमतीची विनंती सोप्या भाषेत असावी, ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय असावी, आणि संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता यावी, असे त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमल टप्प्याटप्प्याने ठरला आहे. मेळघाटातल्या माणसाची मात्र इथेही पंचाईत आहे. कोरकू भाषा आठव्या अनुसूचीत नाही. कुपोषणाच्या बातम्यांपायी ज्या आईचा आणि लेकराचा फोटो सर्वांत जास्त काढला गेला, तिच्या भाषेत विचारण्याचे बंधन कायद्याने कोणावरच घातलेले नाही!

बाहेरच्या जगात ही चर्चा जुनी आहे. १९८४ च्या इथिओपियातील दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या मुलांच्या चित्रांवर अमाप निधी जमला. त्यावर टीका झाली आणि १९८९ मध्ये युरोपातील संस्थांनी चित्रे व संदेश यांविषयी आचारसंहिता स्वीकारली. आता काही संस्था कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले गरीब चेहरे वापरू लागल्या आहेत. त्यात कोणाची संमती लागत नाही, असा बचाव केला जातो. पण गरीब कसा दिसतो हे त्या यंत्राला कोणी शिकवले? जुन्या चित्रांनीच ना!

पैशाचा भाग थोडक्यात सांगतो. विदेशी देणगी कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती झाली आणि एका संस्थेने मिळालेला विदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे देणे बंद झाले. तालुक्यात काम करणाऱ्या लहान मंडळींकडे येणारी वाट त्यामुळे अडली. पैसा वर राहिला, आणि जो वर आहे तोच कहाणी लिहितो.

उत्तर प्रदेशातील 'खबर लहरिया' २००२ पासून ग्रामीण, मुख्यतः दलित स्त्रिया चालवतात. त्यांच्यावरचा माहितीपट २०२२ मध्ये ऑस्करच्या अंतिम यादीत पोचला. सोहळा तोंडावर असताना त्यांनी जाहीर पत्रक काढले की, या चित्रपटात आमचे काम अपुरे दाखवले आहे. एवढ्या मानाच्या वेळी हे म्हणायला स्वतःचे पत्र हाती असावे लागते. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला तो याचसाठी. अस्पृश्यांविषयी कळवळ्याने लिहिणारे लोक तेव्हाही होते.

अमरावती-अकोल्यातील कार्यकर्त्यांनी आता संस्थांकडे मागणी धरली पाहिजे. संमतीचा कागद मराठीत असावा. मेळघाटात तो कोरकूत वाचून दाखवावा आणि ते वाचन बाईच्याच फोनवर रेकॉर्ड व्हावे. फोटो काढून टाकायचा असल्यास कोणाला फोन करायचा, तो नंबर कागदाची प्रत म्हणून तिच्याजवळ राहावा. आणि नाही म्हटले तरी शिलाई मशीन मिळेल, हे कागदाच्या पहिल्याच ओळीत लिहिलेले असावे.